बोटीखालच्या दोन फळ्या

मंडपवाल्याचा जुना हिरवा गालिचा मी तापीवर धुवायला नेला, तेव्हा त्यातून अक्षता निघाल्या, सुपारीचे तुकडे निघाले आणि कुणाच्या तरी पैंजणाचं एक घुंगरू निघालं. चाळीसगावच्या सासरहून मला कायमची माहेरी धाडलेली. येताना शिलाईचं मशीन तेवढं बरोबर आलं होतं. आणि इथे मी दगडावर बसून दुसऱ्यांच्या लग्नांच्या अक्षता धोपटत होते. मनात म्हटलं, घे माय, एवढंच राहिलं होतं. घुंगरू नदीत भिरकावून दिलं आणि गालिचा पुन्हा आपटायला घेतला.

गालिचा माणसांनी बसायला नव्हता. एका बोटीला बसायला होता. ही बोट कुठून आली ते सांगायचं तर आधी पूल सांगावा लागेल, आणि पुलाचं नाव काढलं की माझं डोकं अजून फिरतं.

आमचं गाव तापीच्या काठावर, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांची हद्द जिथे लागते त्या बाजूला. आमच्या घराण्याकडे नाव होती. बाजाराची माणसं, कापसाची गाठोडी, शेळ्या, वऱ्हाडं, बाळंतपणाला माहेरी निघालेल्या बाया, सगळं आमच्या आबांच्या नावेतून या काठाचं त्या काठाला जायचं. आबा म्हणजे माझे वडील. चालताना जमिनीवर त्यांचा पाय कधी सरळ पडायचा नाही, नावेत मात्र उभे राहिले की वाटायचं आता याला कोणी हलवून दाखवावं. मग पूल झाला. भांडण नाही, तंटा नाही, नाव आपोआप बंद पडली. लोक येताजाता पुलावरून हात करायचे, “काय आबा, बरं शे ना?” आबा मान हलवायचे. नाव घरामागे ओढून आणून पालथी घातली. तिच्यावर शेळ्या चढून बसायच्या.

आबा तरी रोज सकाळी घाटावर जायचे. दिवसभर पुलाकडे पाठ करून बसायचे. जेवायला बोलवायला मी जायची. “येस मी, तू चाल,” म्हणायचे, आणि भाकरी थंड होऊन जायची तरी यायचे नाहीत. पुलाला मी जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या सासूलाही दिल्या नसतील. आणि पूल चांगलाच होता हो! दवाखाना जवळ आला, बाजार जवळ आला, पावसाळ्यात गाव अडकून पडायचं बंद झालं. त्याचाच तर जास्त संताप यायचा. ज्या गोष्टीनं बाप जिवंतपणी मेल्यासारखा झाला तिला वाईट म्हणायचीही सोय नव्हती.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. एका पावसाळ्यात नदी खालच्या गल्लीत शिरली, पलीकडच्या शिवारात माणसं झाडांवर अडकली, आणि मग तालुक्याच्या कचेरीला जाग आली. हिवाळ्यात ट्रॅक्टरमागे एक लोखंडी गाडा आला, त्याच्यावर पांढरी फायबरची बोट. मागे मशीन, बाजूला नारिंगी पट्टा. आमच्या घाटाला चांगला उतार आहे, पायऱ्याही रुंद, गाडा जाईल अशा, आणि वर जुनं गोदाम रिकामं पडलेलं, म्हणून ती आमच्याच गावात ठेवायची ठरली. त्या दिवशी आबा घाटावरून लवकर उठले. गोदामाच्या दारात जाऊन उभे राहिले आणि बोटीच्या पोटावर असा हात फिरवला की मला बघवेना.

गाड्यावर दोन लांब फळ्या होत्या, बोटीचं सगळं वजन त्यांच्यावर. कचेरीचे लोक त्यांना सपोर्ट म्हणायचे. फळ्यांवर गालिच्यासारखं जाड कापड ठोकलेलं, बोटीचं पोट घासू नये म्हणून. पण ही बोट आली होती दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यातून, वापरून टाकलेली. कापडाच्या चिंध्या झालेल्या, लाकूड पाणी पिऊन फुगलेलं आणि मध्ये चिरलेलं, आणि वर आलेले खिळे बोटीच्या पोटाला ओरबाडत होते. आबांनी खाली वाकून बघितलं. “पोटले खिळा,” एवढंच म्हणाले. त्यांच्या तोंडून ती शिवीच होती.

कचेरीचा एक माणूस अधूनमधून यायचा. त्यानं आबांना सांगितलं, पावसाळ्याच्या आधी जळगावहून मोठे साहेब येतील, बोटीची तालीम बघतील. बोट घाटावरून पाण्यात उतरली पाहिजे, पलीकडे जाऊन आली पाहिजे. फळ्याबिळ्या काय बदलायच्या त्या बदलून ठेवा. “तालीम नीट झाली आबा, तर पुराच्या दिवसांत बोटीवर तुम्हीच. दुसरा कोण आहे इथे नदी ओळखणारा?”

घरी येऊन आबांनी हे आईला सांगितलं, मला सांगितलं, मग शेळीला पाला घालताना बहुतेक शेळीलाही सांगितलं. त्यांना नोकरी नको होती, मान नको होता. पाणी हवं होतं. पायाखाली हलणारं पाणी. वर्षातून चार दिवस का होईना, त्यांना पुन्हा नदीवर उभं राहायचं होतं. पुढे जे झालं ते सगळं या एका हौसेपायी झालं, आणि म्हणून मला कोणावर धड रागावताही येत नाही.

माझा धाकटा भाऊ धुळ्याला गॅरेजात कामाला होता, तो सुटीला आला. त्यानं गाडा तपासला, म्हणाला, नवीन सागाच्या फळ्या आणू. आबा म्हणाले, “सागना काय तोटा शे?” आणि घरामागे गेले. पालथ्या नावेवरच्या शेळ्या हाकलल्या आणि पहार लावली.

आई घरात गेली आणि जात्याशी बसली. दळायला काही नव्हतं, नुसतंच जातं फिरवत राहिली. मी दारात उभी. नावेच्या दोन्ही कुशींच्या लांब फळ्या आबांनी स्वतः उपटल्या, एकेक खिळा कुरकुरत बाहेर आला. भाऊ म्हणाला, आबा, राहू द्या ना. आबा म्हणाले, शेळ्यांच्या लेंड्या खायला ठेवू का तिला? रडले मी. ते नाही रडले. त्या लाकडाला वर्षानुवर्षं पाजलेल्या तेलाचा वास होता, आणि रंधा मारला तर आतून साग जणू कालच कापल्यासारखा पिवळाधमक निघाला.

गल्लीतल्या माणसांनी बोट उचलून भुशाच्या पोत्यांवर ठेवली. जुन्या फळ्या काढल्या तर हातात भुगाच आला. नवीन फळ्यांना भावानं भोकं पाडली, गाड्याच्या लोखंडाला नटबोल्टनं आवळायची सोय केली. आता राहिलं कापड. मंडपवाल्यानं तो हिरवा गालिचा दिला, फाटलाय, घेऊन जा म्हणाला. धुऊन वाळवल्यावर मी त्याच्या दोन लांब पट्ट्या काढल्या. मशीनवर ते शिवणं शक्यच नव्हतं, सुई तुटली. मग दाभण आणि सुतळी घेतली. गालिचा फळीभोवती ताणून घ्यायचा, कडा खालच्या बाजूला दुमडायच्या, तिथेच टाचायच्या आणि खिळे फक्त खालून मारायचे, म्हणजे बोटीच्या पोटाला लोखंड लागायला नको. आबा एका टोकाला बसून ताणायचे, मी दुसऱ्या टोकाकडून टाके घालत यायची. बोटांना फोड आले. आई म्हणायची, “तुना नवराले कधी गोधडी शिवी दिधी का इतली?” आणि मी म्हणायची, “त्याचं शिवायचं होतं मला, पण गोधडी नाही, तोंड.” आबा हसायचे. माहेरी आल्यापासून मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं.

खरं सांगते, ते दिवस बरे गेले. आबा बोलायला लागले. नदी कुठे खोटं बोलते, कुठे भोवरा वरून दिसत नाही, असलं सगळं. आणि रीत सांगितली. ती मी लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती, पण तिचं कारण कधी विचारलं नव्हतं. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाव पाण्याबाहेर काढायचे, पोटाला करंजाचं तेल आणि मेण पाजायचे आणि मग लाकडी बल्ल्यांवरून लोटत पुन्हा घाटावर न्यायचे. घाटाच्या वरल्या पायरीपर्यंत दोर असायचे. तिथे आबांचे वडील हात वर करायचे, नारळ फुटायचा आणि सगळ्या गाठी सोडायच्या. तिथून खाली नाव फक्त हातांवर. दोन्ही बाजूंनी गल्लीतले गडी, छातीला छाती लावून, तिला हातांवर तोलत पाण्यापर्यंत न्यायचे.

“का पण?” मी विचारलं.

“बांधेल नाव नदीले दखाडानी नही,” आबा म्हणाले. “तिले वाटस, आपलावर भरोसा नही.”

बांधलेली नाव नदीला दाखवायची नाही. मी टाका घालत राहिले. मला ते फार आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

आखाजी आली. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकींचा सण. निंबाला झोके बांधलेले, सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, गाणी, फुगड्या, पुरणाचे मांडे. मी मात्र आलेली नव्हते, मी होतेच. शेजारची एक काकू झोक्यावरून ओरडली, “तुले काय माय, तुनी तं रोजच आखाजी!” सगळ्या हसल्या, मीही हसले आणि घरात निघून आले. तर आबा अंगणात कढई ठेवून बसलेले. करंजाचं तेल तापवलेलं, त्यात सातपुड्यातून आलेलं मेण वितळवलेलं, आणि ते कढत कढत माझ्या गालिच्यावर ओतत होते.

“आबा! माझा गालिचा!”

“लाकूडले पाजनं पडस आखाजीले,” ते म्हणाले. दरवर्षी ते आखाजीला हेच करत आलेले. नाव होती तेव्हा नावेच्या पोटाला पाजायचे. आता नावेचं उरलेलं होतं ते या दोन फळ्या, म्हणून फळ्यांना पाजलं. चिंधी घेऊन घासत बसले. हिरवा गालिचा काळपट झाला, त्याचे केस बसले, वर चकाकी आली. उन्हात ठेवलं तर सगळं तेल आत जिरलं आणि वर मेणाचा गुळगुळीत थर राहिला. आबा खूश. मला वाटलं, जाऊ दे, पाणी तरी आत शिरणार नाही.

भाऊ आला, फळ्या गाड्याला आवळल्या, बोट पुन्हा वर चढवली. चढवताना ती सर्रकन पुढे गेली, तेव्हाच त्यानं गालिच्यावरून हात फिरवला आणि आबांकडे बघितलं. “आबा, हाई तं लोनी व्हई गयं.” बोटीच्या नाकाला एक कडी होती, गाड्याच्या पुढच्या खांबावरून पट्टा येऊन त्याचा हूक त्या कडीत अडकायचा. भावानं तो हूक हातात धरून दाखवला. चाकं पाण्यात बुडाली, बोट तरंगायला लागली, की मगच हा सोडायचा. त्याच्या आधी हात लावायचा नाही. “हां,” आबा म्हणाले. भावानं पुन्हा सांगितलं. “हां म्हनस ना!” आबा चिडले. मग कोण काय बोलणार?

तालमीच्या दिवशी घाटावर मंडप. खुर्च्या, सरबत, कचेरीचे लोक, दोन पोलीस, आणि पुलावरसुद्धा माणसं कठड्याला टेकून उभी. आबांनी धुतलेलं धोतर, धुतलेली टोपी घातली. कचेरीच्या माणसानं त्यांच्या अंगात बुडू नये म्हणून घालतात ते नारिंगी जाकीट चढवलं. सदऱ्यावर ते इतकं विचित्र दिसत होतं की आई तोंडाला पदर लावून हसली. आबा लाजले, पण जाकीट नीट करत राहिले, सारखे नीट करत राहिले. पोलिसांनी दोर बांधून लोकांना मागे सारलं. साहेबांना नीट दिसावं म्हणून. मला तेवढं पूजेचं ताट घेऊन वरल्या पायरीपाशी उभं राहू दिलं.

ट्रॅक्टर भाऊच चालवत होता. मागे बघत, मान वळवून, गाडा उलटा घाटाकडे आणत होता. उतार सुरू होतो त्या पायरीपाशी गाडा आला आणि आबांनी हात वर केला. ट्रॅक्टर थांबला, इंजिन चालूच. आबांनी माझ्या ताटातला नारळ घेतला, फोडला, पाणी बोटीच्या नाकावर शिंपडलं. आणि मग त्यांचा हात हुकाकडे गेला.

“आबा, नका! आबा!” मी बेंबीच्या देठापासून ओरडले. ट्रॅक्टरच्या धडधडाटात माझं मलाच ऐकू आलं नाही. त्यांनी हूक काढला. अगदी शांतपणे, जोडा काढून देवळात जावं तसा. पट्टा बाजूला टाकला.

घडीभर काहीच झालं नाही. आबांनी दोन्ही हात बोटीच्या नाकावर ठेवले आणि उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. मी एवढ्या जवळ होते, मला कळलं ते काय बघत होते. ते हात शोधत होते. गल्लीतले गडी, छातीला छाती लावून उभे राहणारे. गडी सगळे तिकडे दोरापलीकडे, पोलिसांच्या मागे.

हूक आबांच्या पाठीआड, भावाला वाटलं पूजा झाली. त्यानं गाडा उतारावर घेतला, आणि बोट निघाली. आवाजसुद्धा नाही झाला हो. त्या तेल पाजलेल्या फळ्यांवरून ती मुकाट घसरली. आबा सोडेनात. आयुष्यभर चिखलातून नाव रेटलेला माणूस, त्यांनी कडी धरून ठेवली, आणि बोटीनं त्यांना गाड्यावरून, पायऱ्यांवरून फरफटत नेलं. मशीन आधी दगडावर आदळलं. मग बोट. फायबर फुटतं तेव्हा मडकं फुटल्यासारखं वाजतं. पाण्याला ती लागलीसुद्धा नाही. पाण्याच्या दोन पायऱ्या आधीच ती आडवी होऊन पडली आणि तिच्या खाली आबांचा पाय.

ओ माय वं! ते पुन्हा आठवायला नको वाटतं.

साहेब खुर्चीवरून उठून म्हणाले, “या म्हाताऱ्याला बोटीला हात कोणी लावू दिला?” “दुसरा कोण आहे इथे नदी ओळखणारा” म्हणणारा तो माणूस सरबताचे ग्लास गोळा करायला लागला. भाऊ धावत खाली आला, पांढराफटक पडलेला. “आबा, मी काय सांगेल व्हतं तुम्हले?” आबा दगडावर पडलेले, जाकीट अंगात तसंच. वेदनेनं दात आवळलेले. म्हणाले, “सोडनी पडस ना, भाऊ.” सोडावीच लागते ना.

पाय वाकडा जुळला. बोट गाड्यासकट जळगावला गेली आणि आमच्या गावाला परत आली नाही. पुढे दुसरी आली ती नदीच्या वरच्या अंगाच्या दुसऱ्या गावाला दिली, तिच्याबरोबर एक शिकवून तयार केलेला जवान पोरगाही. जुन्या गाड्याला लोखंडी रूळ बसवले. भावाच्या ओळखीचा कोणी तिकडे कामाला होता, त्यानं काढून टाकलेल्या आमच्या फळ्या ठेवल्या होत्या, त्या भाऊ घेऊन आला. कशाला आणल्या कोण जाणे. भिंतीला टेकवून ठेवल्या.

पुलानंतर आबा निदान घाटावर तरी जायचे. आता तेही सुटलं. ओट्यावर बसायचे, नदीकडे पाठ करून. गल्लीतली कार्टी विचारायची, “आबा, गाठ सोडी का?” एकाला मी चप्पल फेकून मारली. नेमकी बसली, बरं झालं. एकदा मीच वैतागून बोलले, भावानं एवढं समजावलं होतं, तुम्हाला रीत जिवापेक्षा मोठी झाली का? बोलले ते बोलले, मागे घेत नाही. आबांनी ऐकून घेतलं आणि ताटातली भाकरी मोडत राहिले. 

मग एकदा पुन्हा पाणी खालच्या गल्लीत आलं. वरच्या गावाची बोट आली, तोच जवान पोरगा घेऊन आला. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, पोराबाळांना बसवून नेत होता. आमच्या दाराशी पाणी लागलेलं. पोरगा चांगला होता बिचारा, त्याला काही ठाऊक नव्हतं. म्हणाला, “या बाबा, हात द्या.” इतक्या वर्षांनी पाणी स्वतः दारात आलं होतं, पायाखाली हलणारं, एक पाऊल टाकायचा अवकाश होता. आबांनी बोटीकडे बघितलं, तिच्या पोटाकडे, काठाकडे, पोरगा उभा होता त्या जागेकडे. मग मान हलवली. “मी उतारू म्हनीसन कधी बठना नही,” म्हणाले, आणि वाकड्या पायानं मागच्या दारानं चिखलातून वरच्या आळीला गेले. मी त्यांच्यामागे गाठोडं घेऊन रडत, चरफडत गेले. उतारू म्हणून बसले नाहीत ते! अहो, कसेही बसले असते तर काय बिघडलं असतं?

त्या पुरानंतर घराला वाळवी लागली. दाराची चौकट खाल्ली, कपाट खाल्लं, आईचा पाट खाल्ला. फळ्यांना तोंड नाही लावलं. एवढं तेल प्यायलेल्या होत्या. मी त्यांचं बाक करून घेतलं, कपडे शिवायला टाकणाऱ्या बाया त्यावर बसायच्या आणि म्हणायच्या, “काय वं, सरकाई जास!” आबा एकदाही त्यावर बसले नाहीत. त्याला ओलांडून जायचे, वाकडा पाय उचलून, पण बसायचे नाहीत.

नव्वदच्या दशकात एका हिवाळ्याच्या सकाळी गेले. चहा घेतला, ओट्यावर बसले आणि बसल्या बसल्या कलंडले. तोवर गल्लीत गडीमाणूस शोधावा लागायचा. कोणी सुरतेला कपड्याच्या कामाला, कोणी नाशिकला, कोणी पुण्याला. आंघोळ घालायला फळी हवी म्हणून कोणीतरी बाकाला हात लावला, तर मी म्हटलं, त्या नाहीत. दुसरं काहीही घ्या, त्या नाहीत. शेजारच्यांचा पाट आणला.

दारात तिरडी बांधली. भाऊ सुतळी आवळत होता, छातीवरून, पोटावरून, त्या वाकड्या पायावरून. आवळून गाठ मारायची आणि गुडघा लावून अजून ताणायची. मला राहवेना.

“सैल बांध,” मी म्हटलं.

“सैल कशी बांधू, अक्का? उतार शे.”

आमच्यात बाया तिरडीमागे घाटावर जात नाहीत. माझं जे काही होतं ते उंबऱ्यापर्यंतच. म्हणून उचलायच्या आधी मी त्याचा दंड धरला आणि चारचौघांत सांगितलं, “भाऊ, वरली पायरीवर गाठी सोडजो. मंग हातवर लई जाजो. ध्यानमा ठेव.” एक म्हातारा म्हणाला, बाईले कोनी तरी आत लई जा. मी म्हटलं, मला कोणी आत नेऊ नका, मी शुद्धीवर आहे. भावानं माझ्याकडे बघून मान हलवली. हां, म्हणाला.

ते गेल्यावर मी ओट्यावर बसून राहिले. आमच्या ओट्यावरून घाटाची वरली पायरी दिसत नाही, मध्ये गोदाम येतं. धूर तेवढा दिसला. आई आत बायांमध्ये होती, तिच्या बांगड्यांचा आवाज आला.

भाऊ परत आला तो ओल्या कपड्यांनी. दाराशी निंबाचा पाला चावला, मी तांब्यातून त्याच्या हातावर पाणी घातलं. त्याच्या बोटांवर सुतळीचे लाल वळ होते. मला विचारायचं नव्हतं. विचारलं.

“सोड्यात का गाठी?”

तो खाली बघत हात धूत राहिला. पाणी संपलं तरी हात चोळत राहिला.

“हात कोठे व्हतात, अक्का? चारच जन व्हतुत, बाकी बठ्ठा म्हातारा. बांधेलच लई गऊत.”